बापपणावरचे लेख: वाचण्याआधी लेख कोणाशी बोलतोय ते ओळखायची रीत

बायकोला सातवा महिना लागला तेव्हा मी एक लेख वाचला. 'वडिलांना मिळते १५ दिवसांची पगारी रजा' असं मथळ्यातच होतं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. लेखाची प्रिंट काढली, चार घड्या घालून खिशात ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांच्या टेबलावर उलगडली. साहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. कागद परत देताना शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. 'केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यांना.' "तू सरकारात कधी लागलास?" एवढंच म्हणाले. दोन आठवडे मी त्या १५ दिवसांचं वेळापत्रक मांडत बसलो होतो.

लेख खोटा नव्हता. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत ही रजा खरोखर आहे. दोनपेक्षा कमी मुलं हयात असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला ती बाळंतपणाच्या १५ दिवस आधीपासून ते नंतरच्या सहा महिन्यांपर्यंत घेता येते. खासगी कारखान्यातल्या बापाला मात्र अशी रजा देणारा केंद्राचा कायदा नाही. मालकाचं धोरण असेल तर मिळते, नसेल तर आपली हक्काची रजा टाकायची. म्हणजे लेख खरा होता, फक्त तो माझ्याशी बोलत नव्हता.

त्यानंतर वर्षभर मी या विषयावरचं हाताला लागेल ते वाचलं, आणि वाचता वाचता एक रीत बसली. ती पहिलटकर बापांसाठी इथे देतोय. 'पहिलटकरीण' हा शब्द आपल्याकडे आहे, पुरुषाला तसा नाही. मी वापरतोय, चालवून घ्या.

जवळ काय ठेवायचं

- एक वही आणि पेन्सिल. फोनमध्ये साठवलेले लेख नंतर कधीच सापडत नाहीत.
- माता व बाल संरक्षण कार्डाचा फोटो. मूळ कार्ड बायकोबरोबर माहेरी जातं, म्हणून फोटो.
- आपलं नेमणूकपत्र आणि कारखान्याचे किंवा ऑफिसचे रजेचे नियम.
- आशाताईंचा आणि बाळाच्या डॉक्टरांचा नंबर.
- मुलं वाढवलेलं एक तरी माणूस, जे तोंडावर "असलं काही नसतंय" म्हणेल.

१. बापाला कोणत्या नावानं हाक मारलीय ते बघा

मराठीत ही मोठी सोय आहे. बापाला शब्द पुष्कळ, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या दारातून आत येतो. लेखकानं कोणता उचललाय यावरून अर्धा लेख न वाचताच कळतो.

'पिता' दिसला की एक तर कायदा बोलतोय, नाही तर जूनचा तिसरा रविवार जवळ आलाय. त्या रविवारी फादर्स डे असतो. अमेरिकेत तो १९७२ साली कायद्यानं कायमचा ठरला. त्या आठवड्यातले लेख मोठ्या झालेल्या मुलांसाठी असतात, आणि घड्याळं-पाकिटं विकणाऱ्यांसाठी. बाप त्यात विषय असतो, वाचक नसतो.

'बाप' हा शब्द सकाळी सहाच्या फॉरवर्डमध्ये भेटतो. झिजलेली चप्पल, उसवलेला बनियन, स्वतः न खाता मुलांना दिलेला घास. वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलंय, खोटं कशाला बोलू. पण तो मजकूर बाप गेल्यावर त्याची आठवण काढणाऱ्यासाठी आहे. होऊ घातलेल्या माणसानं तो शिकवणी म्हणून वाचला तर एवढंच शिकेल की बापानं पैसे आणावेत आणि गप्प बसावं. माझ्या वडिलांनी नेमकं तेच केलं, आणि त्यांना माझी इयत्ता कधी सांगता आली नाही.

'वडील' हा फॉर्मवरचा शब्द. 'पालक' शाळेच्या नि आरोग्य खात्याच्या पत्रकातला. त्यात आपण असतो असं म्हणायचं, पण शेजारचं चित्र बघा, बाळ बहुतेक वेळा बाईच्याच कडेवर असतं. 'पती' किंवा 'जोडीदार' आला की लेख सरळ सरळ बायकोसाठी आहे. 'डॅडी' आला की खाली किंमत शोधा.

'बाबा' म्हणून लिहिलेले लेख त्यातल्या त्यात आपल्या जवळचे. त्यांचीही एक गंमत आहे. सोलापुरात एकाच चाळीत एका घरी बाबा असतात, पलीकडे अप्पा, तेलुगू बोलणाऱ्या पूर्वभागात गेलात तर नान्ना आणि कुणाकडे अब्बा. माझा एक दोस्त पूर्वभागात यंत्रमागावर रातपाळी करतो, बायको घरी विड्या वळते. लेखातले बाबा संध्याकाळी सातला ऑफिसातून येतात आणि बाळाला गोष्ट सांगतात. हा सकाळी सातला येतो तेव्हा बाळ जागं होत असतं आणि याचे डोळे मिटत असतात. तो म्हणाला, "ह्यातलं माझ्यासाठी काय लिवलंय दाखव." मी अख्खा लेख चाळला, मला दाखवता आलं नाही. मग आम्ही त्याच्यापुरतं ठरवलं की सकाळची अंघोळ त्याच्याकडे, आणि विड्यांच्या तंबाखूची सुपली बाळाच्या झोळीच्या खोलीतून बाहेर. दुसरी गोष्ट कुठल्याही 'बाबांसाठी टिप्स'मध्ये नव्हती.

२. क्रियापदाचं शेपूट धरा

नावानंतर क्रियापद. 'करा' म्हणणारा समोर बसलेल्या माणसाशी बोलतो. 'करावे' म्हणणारा डॉक्टर किंवा खातं असतं, त्याला चुकायची भीती असते म्हणून तो कारण कमी देतो. 'करण्यात यावे' हा शासन निर्णय, तो आपल्याशी बोलतच नाही, खालच्या अधिकाऱ्याशी बोलतो. 'मी असं केलं' म्हणणारा एका घराची हकिगत सांगतो, आणि त्याचं घर तुमच्या घरासारखं असेलच असं नाही. माझा हा लेखसुद्धा त्यातलाच, हे लक्षात असू द्या.

आणि एक प्रकार: 'रात्री एकदा तरी बाळाचे कपडे पतीला बदलू द्या.' हे वाक्य आईला लिहिलंय. असे लेख टाकून देऊ नका. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून मी बायकांच्या मासिकांचे जुने अंक चाळले, तेव्हा माझ्याबद्दल सगळ्यात जास्त तिथेच कळलं. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसं. नवऱ्याकडून काय अपेक्षा ठेवू नये हे तिथे बायकांना फार समजुतीनं सांगितलेलं असतं.

सापळा एकच. आईसाठी लिहिलेलं वाचून आईलाच शिकवायला जाऊ नका. मी बायकोच्या माहेरी, बार्शीला फोन लावून "लेखात लिहिलंय, तू दर दोन तासांनी…" एवढं म्हणालो आणि पलीकडून फोन बंद झाला. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला, तोही सासूबाईंनी उचलला.

३. लेखाला तुमच्याकडून काय हवंय?

पैसे, मत, सही, डोळ्यातलं पाणी, की तुम्ही एखादी गोष्ट नीट करावी एवढंच? वहीत प्रत्येक लेखापुढे यातला एक शब्द लिहायचा. सुरुवातीला चुकेल, दहाएक लेखांनंतर हात बसतो.

विकणारा लेख ओळखायला सोपा वाटतो, पण बाळाच्या बाबतीत तसा नसतो. त्याला कारण आहे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या पावडरी आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात बंद आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं तयार खाणंही त्यात नीट आलं. त्यामुळे 'आमची पावडर घ्या' असं कुणी उघड लिहीत नाही. मी वाचलेल्या एका लेखाचं नाव बाप-लेकीचं नातं असं काहीतरी होतं. 'बाळाला पाजण्याचा आनंद फक्त आईलाच का?' इतकं गोड वाक्य, आणि शेजारी हसरा तरुण, हातात बाटली. बोलणं बापाशी होतं, पण हेतू बाटलीचा. दूध कमी पडत असेल तर काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्यानंही पाजता येतं. ते आमच्याकडे मी केलंय, त्यात बाटलीवाल्या तरुणापेक्षा कमी आनंद नव्हता. शर्ट जास्त भिजला इतकंच.

एखादा प्रसिद्ध बाबा आपल्या बाळाचं तेल, लंगोट, गाडी दाखवत असेल तर कोपऱ्यात जाहिरात किंवा भागीदारी असं लिहिलंय का बघा. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं २०२१ पासून अशी खूण करायला सांगितलंय.

मत मागणारे लेख वेगळे. 'स्वीडनमध्ये आई-बापांना मिळून ४८० दिवस रजा, त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे राखीव, दुसऱ्याला देता येत नाहीत.' खरी गोष्ट आहे. हा लेख सरकारला उद्देशून आहे, तुम्हाला साक्षीला बोलावलंय. वाचा, चर्चा करा, पण साहेबांच्या टेबलावर उलगडू नका. साहेबांसमोर नेमणूकपत्र घेऊन जा आणि किती रजा शिल्लक आहे तेवढं विचारा. बायको नोकरी करत असेल तर तिचा कायदा वेगळा आहे: आधी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा होता, २०१७ च्या दुरुस्तीनं त्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आली. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतलीय, रजा तेवढीच आहे. त्यावरचा लेख तिला द्या.

४. लेखाचं गाव शोधा

ही पायरी मी सगळ्यात उशिरा शिकलो.

आमची मुलगी २०२४ च्या मे महिन्यातली, बार्शीची. पारा चाळिशीच्या पुढे. आणि मी वाचत होतो की बाळाच्या खोलीचं तापमान १६ ते २० अंश ठेवा. हा सल्ला ब्रिटनमधल्या बापाला दिलेला आहे, तिथे तो बरोबर आहे, तिथे खोली गरम करावी लागते. तो मराठीत आणताना कुणी गाव बदललं नाही. सोलापूरच्या मे महिन्यात वीस अंश फक्त आइस्क्रीमच्या दुकानात असतात. आपल्याकडे कामाचा प्रश्न उलटा. टोपी, मोजे, दुपटं, त्यावर कौतुकानं आणलेली सोलापुरी चादर, यातलं किती काढायचं? बाळाच्या मानेला मागून हात लावा, घाम असेल तर एक थर कमी करा. हे आमच्या डॉक्टरांनी दाखवलं.

दुसरं गाव माहेरचं. लेखातला बाप बाळाबरोबर एका घरात राहतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, डोहाळजेवण झालं की बायको जाते, ती बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर येते. मी शनिवारी संध्याकाळी एसटीनं बार्शीला आणि सोमवारी पहाटे परत. 'रात्री उठून बायकोला मदत करा' हे मला आठवड्यातून दोन रात्री लागू, त्यातही पाहुण्यांनी बाहेरच्या खोलीत झोपायचं. रविवारच्या बापासाठी लिहिलेला एकही लेख मला सापडला नाही. मग मीच रविवारची यादी केली: सगळे लंगोट धुणं माझ्याकडे, दुपारी तीन तास बाळ माझ्याकडे म्हणजे बायको झोपेल, आणि उघड्या छातीवर बाळाला धरून बसणं. कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, आपल्या दवाखान्यांत तिला कांगारू मदर केअर म्हणतात. नावात मदर असली तरी बापाची छाती चालते. सासरे पहिल्यांदा बघून बाहेर ओसरीवर जाऊन बसले. तिसऱ्या रविवारी पंखा माझ्याकडे वळवून गेले.

तिसरं गाव नोंदणीचं, आणि इथे मी एक सुट्टी घालवली. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर दवाखानाच कळवतो, बाळाचं नाव नंतरही घालता येतं. एवढं वाचून मी सोलापुरात खिडकीवर रांग लावली. माझा नंबर आला तेव्हा पहिलाच प्रश्न: "बाळ कुठे झालं?" नोंद जिथे जन्म झाला तिथलीच. लेख ज्या बापाला सांगत होता त्याचं बाळ त्याच्याच शहरात झालेलं होतं.

५. तारीख बघा

थोडक्यात सांगतो. लेखावर तारीख नसेल तर कागदपत्रांच्या बाबतीत तो वाचूच नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर नावाचा क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आहे. त्याआधीचा कुठलाही लेख मध्ये फक्त बापाचं नाव घालायला सांगेल. आमच्या घरी यावर बारशाच्या दिवशी दोन काकांमध्ये बरीच मोठी चर्चा झाली. ती इथे नको.

६. एकच प्रश्न घेऊन तीन लेख शेजारी ठेवा

आता ही सगळी रीत एकदा वापरून बघू. प्रश्न असा: उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला पाणी पाजायचं का?

पहिला लेख आरोग्याचा. 'सहा महिन्यांपर्यंत केवळ स्तनपान करावे, पाणीही देऊ नये.' क्रियापद 'करावे', बोलणं आईशी आणि आरोग्यसेविकेशी, हेतू नियम सांगण्याचा. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. कारण त्या लेखात नव्हतं, मी दुसरीकडे शोधलं: आईच्या दुधात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि वरच्या पाण्यानं बाळाचं पोट भरलं की ते दूध कमी ओढतं.

दुसरा पुरवणीतला, 'उन्हाळ्यात चिमुकल्यांची काळजी'. 'उकळून गार केलेले पाणी चमच्याने वरचेवर पाजा.' पहिल्याच्या बरोबर उलट. मी चक्रावलो. मग शेजारचा फोटो नीट बघितला. बाळ बसलं होतं, हसत होतं आणि खाली दोन दात दिसत होते. म्हणजे सहा महिन्यांपुढचं, वरचं खाणं सुरू झालेलं बाळ. वय मजकुरात कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते दातांत होतं.

तिसरा 'बाबांसाठी दहा गोष्टी'. त्यातली सहावी: 'पाण्याची जबाबदारी तुमची.' मी पुन्हा दचकलो. पुढची ओळ अशी की पाजायला बसलेल्या आईला सारखी तहान लागते, तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवा. तिघांत माझ्याशी बोलणारा हाच एक.

वहीत तिन्ही लेख एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकापुढे 'कोणाला?' भरलं, तेव्हा भांडण मिटलं. एक तान्ह्याच्या आईला, एक दात आलेल्या बाळाच्या आईला, एक बापाला.

घरातलं भांडण मात्र वहीनं मिटत नाही. सासूबाई कापसाचा बोळा पाण्यात बुडवून बाळाच्या ओठांपाशी नेत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "जावईबापू, आमची पोरं काय कागद वाचून वाढली का?" मी लेख काढला नाही. चौदाव्या दिवशी आशाताई येणार होत्या. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा त्यांच्या सहा घरभेटी ठरलेल्या असतात. त्यांनी सासूबाईंना दोरीवरचे लंगोट मोजायला लावले. सकाळपासूनचे सात. "एवढी शू करतंय म्हणजे पाणी मिळतंय की त्याला, काकू." बोळा कपाटात गेला. तांब्याचं काम माझ्याकडे राहिलं.

७. बापाच्या मनाबद्दलचे लेख

हे कमी आहेत, आणि जे आहेत ते दोन टोकांचे. एका टोकाला डॉक्टरी भाषा. २०१० मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात बाळ होण्याच्या आगेमागे सुमारे १० टक्के बापांमध्ये नैराश्य आढळलं होतं. असे लेख 'जोडीदाराचे निरीक्षण करावे' म्हणतात, म्हणजे पुन्हा बायकोलाच काम. दुसऱ्या टोकाला 'मर्दा, हस की!' छापाचे. ते मित्राच्या आवाजात बोलतात आणि मित्राइतकेच निरुपयोगी.

माझं काही फार झालं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात सोमवारच्या पहाटेच्या एसटीत वैराग येईपर्यंत छाती भरून यायची आणि कारखान्यात कशावरूनही हेल्परवर ओरडायचो, एवढंच. ते महिनाभर चाललं. तुमचं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, झोप उडाली, बाळाजवळ जावंसंच वाटेना, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लेखांपैकी 'मी असं केलं' म्हणणारे इथे कामाला येतात. बाकी ठिकाणी मी त्यांच्याबद्दल सावध करतो, इथे नाही.

८. लेख कधी मिटायचा

पहिल्या महिन्यात बाळ दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास भरभर चालला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, बाळ हलवूनही जागं होईना, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर लेख शोधायचा नाही. रात्रीचे दोन वाजलेत आणि सकाळी बघू, असंही नाही. १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या किंवा तुमच्या छातीशी धरा, कार्ड आणि दवाखान्याचे कागद पिशवीत टाका. बाळ पीत असेल तर वाटेत पाजत राहायचं.

१०८ आणि डॉक्टरांचा नंबर मी बार्शीत पाळण्याच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवले होते, कारण फोन नेमका चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असतो. भिंत खराब केली म्हणून सासूबाई अजून बोलतात.